मुदत संपलेला कागद

पाकिटावर छापलंय : मार्च एकोणनव्वदच्या आत वापरावा.
आत काळा कागद, त्याच्या आत चौदा ताव
पोस्टकार्डाच्या मापाचे.
तेव्हा मी दुसरीत होते
आणि स्टुडिओच्या पडद्यावर रंगवलेलं तळं होतं,
तळ्यात दीड बदक.
पेंटरचे पैसे थकले, तिथेच ते थांबलं.

आता पुढच्या खोलीत झेरॉक्स, लॅमिनेशन, आधारच्या प्रती.
मागची ही अजून 'अंधारी'च.
नंदुरबारला पौषात बाहेरसुद्धा लालच असतं सगळं,
पथारीवर पथारी, वाळत टाकलेली मिरची
नजर पोचेल तिथवर.
दाराच्या फटीतून ठसका आत येतो, उजेड येत नाही,
एवढीच ती फट.

रायसिंग वळवी धडगावहून पावती घेऊन आला.
नंबर सहाशे चौदा. ॲडव्हान्स पाच, बाकी सात.
घडीवर फाटलेली,
पण हि. ल. भावसार ही सही धड.
"आईचा फोटो न्यायचा राहिला," म्हणाला,
जणू गेल्या मंगळवारच्या बाजारात
पिशवी विसरली होती.
निगेटिव्ह अर्ध्या तासात सापडली.
अप्पांनी आयुष्यात काही टाकलं नाही,
मीच टाकायची ठरवत होते.

आधी एक पट्टी कातरली.
तिला उजेड दाखवलाच नाही,
तशीच डेव्हलपरमध्ये सोडली.
पांढरी राहायला हवी होती.
राखाडी झाली, हळूहळू,
चुलीमागच्या भिंतीसारखी.
काही न दाखवता हिनं एवढं पाहिलं कधी?
कपाटात पडल्या पडल्या
पस्तीस उन्हाळे,
पत्र्याखालचे.

अप्पा दाराबाहेर स्टुलावर. दोन्ही डोळे दुधाळ.
वासावरून ओळखलं त्यांनी.
"कागद म्हतारा व्हयना, मरना नही.
ब्रोमाइड टाक चिमूटभर.
उजेड जास्ती दे, पानीमा कमी ठेव."

पहिला प्रिंट चिखल.
दुसऱ्याला ते बाहेरून मोजायला लागले,
घड्याळ या खोलीत कधी नव्हतंच :
एक मिरची, दोन मिरची, तीन मिरची...
बाविसाव्या मिरचीला मी दिवा मालवला.

ट्रेमध्ये आधी केस आले.
मग बुबुळं.
मग कपाळ, खूप उशिरा,
आत येऊ का असं विचारत.
गळ्यातली चांदी चमकली नाही
पण तिचं वजन आलं.
तळं आलंच नाही.
दीड बदक, काठावरचे गुलाब, सगळं राखेत गेलं,
मी आणखी थांबले असते तर तीही गेली असती.
उचलला. पाणी. हायपो.

ट्यूबलाइटखाली ओला प्रिंट
रायसिंगनं दोन्ही हातांनी धरला.
मी कागद जुना आहे वगैरे सांगायला लागले.
तो ऐकत नव्हता.
"मागे पाणी होतं ना, रंगाचं?"
होतं.
"गेलं ते बरं झालं. त्या पाण्यापुढं ती बुजली होती.
हा आमच्या घरातला धूर आहे."

मी मनात पन्नास म्हणत होते, केमिकल काय भावानं मिळतं!
अप्पा आतून म्हणाले, "पावतीवर सात शे."
त्यानं सात मोजले,
एकेक नाणं काउंटरवर वाजवत,
आणि फोटो ओलाच छातीशी धरून
स्टँडकडं गेला, मिरचीच्या बाजूनं,
मान वळवून दोनदा शिंकला.

अकरा ताव उरले.
गुंडाळून ठेवले मी परत.

हायपोत बुडवायची राहिलेली ती पट्टी
काउंटरवरच होती, दिवसभरात जांभळट झालेली.
अप्पांचा हात तिच्यावर पडला.
"यानावर कोन शे?"
कोणी नाही, अप्पा. रिकामीच आहे.
त्यांनी अंगठा फिरवला, एकदा, पुन्हा एकदा.
"ओली लागस," म्हणाले.
"ऱ्हाऊ दे."